मेहुण्याच्या घरची खाट

च्यू माओलिनची ऐंशी साजरी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. वय तेव्हा एकोणऐंशीच होतं. पण त्यांच्याकडे पुरुषाची ऐंशी एक वर्ष आधीच उरकून घेतात. पुऱ्या आकड्यापर्यंत थांबून वरच्यांना आपली आठवण कशाला करून द्यायची! पंचांगात बैलाचं वर्ष होतं. वसंत लागला होता, डोंगरावर चहाची पहिली खुडणी नुकतीच संपली होती, आणि शेंगचौच्या डोंगरातल्या एका घरात म्हातारा-म्हातारीचं रोज भांडण चाललं होतं, की हांगचौला गेल्यावर उतरायचं कुठे.

म्हातारा फू शुइगन. जन्मभर बांबू सोलून टोपल्या, सुपं, चटया विणत आलेला. म्हातारी त्याची बायको लिएनशिन, आणि ज्याची ऐंशी तो माओलिन तिचा थोरला भाऊ. तो तरुणपणीच गाव सोडून हांगचौच्या एका रेशीम गिरणीत लागला, तिथेच मुकादम झाला आणि तिथेच निवृत्त झाला.

आता भावाच्या गावाला जायचं म्हटल्यावर बहिणीने भावाचं घर धरायचं आणि नवऱ्याने कां-कू करायची, ही जगाची रीत. या घरात ती उलटी होती. लिएनशिनला हॉटेल हवं होतं. शुइगनला मेहुण्याचं घर हवं होतं.

निंगबोला नोकरी करणारी त्यांची लेक रूयुन हिने आईच्या कानात हे भरवलं होतं. फोनवर तिने चार-पाच जागा वाचून दाखवल्या. एक स्टेशनजवळ, एक चहाच्या मळ्यांत, एक देवळापाशी. शेवटची तळ्याच्या काठावर. लहानसं हॉटेल, पण खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून तळं दिसतं.

"ऐकलंत का?" लिएनशिन म्हणाली. "पडल्या पडल्या! तीनदा गेले हांगचौला. तिन्ही वेळा तळं बघितलं ते बसच्या खिडकीतून, तेही मधे एक जाडा माणूस उभा."

"तळं काय झोपून बघायची वस्तू आहे?" शुइगन बांबूची काडी दाताने सोलत म्हणाला. "आणि हॉटेल म्हणजे काय ठाऊक आहे ना? आपल्याच खोलीच्या दारावर आपणच टकटक करायची, आत कुणी नको ते बसलेलं असेल तर त्याला उठून जायला वेळ द्यायचा. मग अंग वळवून, एका बाजूने आत शिरायचं. चपला काढल्या की एक सुलटी आणि एक उलटी. त्यात खोली ओळीतली शेवटची निघाली तर संपलंच."

"पोरीने मधली घेतलीय."

"मजला?"

"तिसरा."

"तिसऱ्याच्या वर चौथा असतोच की! चार म्हणजे मरणाचा आकडा!"

"चौथ्याला ते पाचवा म्हणतात. तुमच्यासारख्यांसाठीच." लिएनशिनने काडी त्याच्या हातातून काढून घेतली. "अहो, खरं काय ते बोला ना. दादाने घरी उतरायला सांगितलंय म्हणून जीव चाललाय तुमचा."

ते खरं होतं. पन्नास वर्षांपूर्वी लग्नाची बोलणी चालू असताना लिएनशिनचा बाप म्हणाला होता, बांबू सोलणाऱ्याला मुलगी देणार नाही. माओलिनने बापाचीच री ओढली. लिएनशिनने दोघांचंही ऐकलं नाही. बाप पुढे निवळला, जावयाच्या हातचं जेवला, जावयाने विणलेल्या खुर्चीतच बसून म्हातारा झाला. माओलिन मात्र निवळला की नाही, ते कुणाला कळलं नाही. तो बहिणीशी बोलताना शुइगनला 'तुझा तो माणूस' म्हणायचा. 'तुझ्या त्या माणसाची तब्येत कशी आहे?' नाव कधी तोंडातून आलं नाही. आणि ही दोघं हांगचौला गेली की जेवणं झाल्यावर माओलिन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "शेवटची बस साडेचारची आहे." की शुइगन उठून बूट घालायला लागायचा.

ऐंशीच्या आधी महिनाभर माओलिनचा फोन आला. लिएनशिनला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज अंगणभर सोडलेला असे. "ऐंशीला ये," फोन म्हणाला. "तुझ्या त्या माणसालाही आण. आणि दोघं घरीच उतरा."

लिएनशिनने रीतीप्रमाणे 'नको रे दादा, तुम्हाला कशाला त्रास' म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून शुइगन ओरडला, "हो! येतो! घरीच उतरतो!"

फोन ठेवल्यावर लिएनशिनने कपाळावर हात मारला. "एक तरी 'नको' म्हणायचं! तो तीनदा म्हणणार, आपण तीनदा नको म्हणणार, तेव्हा कुठे कळतं मनापासून आहे की तोंडदेखलं. तुम्ही तर पहिल्याच घासाला गिळलंत."

"पन्नास वर्षांत एकदा वाढलंय," शुइगन म्हणाला. "नको म्हटलं असतं आणि त्याने ताट उचललं असतं, मग?"

मग लिएनशिनने शेवटचा दगड टाकला. "आणि तिथे आपल्याला एका खाटेवर झोपता येणार नाही, आहे का ध्यानात?"

हा नियम त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. लग्न झालेली मुलगी नवऱ्यासकट माहेरी आली तर दोघांनी वेगळं झोपायचं. एका खाटेवर झोपली तर त्या घराची बरकत जाते, घरच्या कर्त्यावर संकट येतं. आणि आई-बापाचे फोटो माओलिनच्या भिंतीवर होते, उदबत्ती तिथे लागत होती. म्हणजे घर हांगचौत असलं तरी माहेर तेच.

"या वयात कुणाला हवीय एक खाट?" शुइगन म्हणाला.

"मला. तुमचं घोरणं थांबलं की मला जाग येते."

शेवटी ठरलं ते असं: माओलिनकडेच उतरायचं, पण रूयुनने घेतलेली खोली मोडायची नाही. बोलावणं तोंडदेखलं निघालं तर असू दे हाताशी.

हांगचौच्या बसमध्ये शुइगनच्या मांडीवर एक लांबलचक बोचकं होतं. माओलिनच्या दारात ते सोडल्यावर आतून बांबूची बायको निघाली. म्हणजे उन्हाळ्यात कवेत घेऊन झोपायची बांबूची पोकळ, लांब लोडासारखी जाळी. वारा आरपार जातो आणि अंग गार राहतं. शुइगनने तिचं एकही टोक बोचू नये म्हणून महिनाभर हात घासले होते.

माओलिनची बायको युफन दार उघडून बघतच राहिली. "वन्सं, हे काय हो! ऐंशीला यांना दुसरी करून आणलीत?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलते, वहिनी," लिएनशिन म्हणाली.

माओलिन खुर्चीतून उठला नाही. गुडघे धरले होते. त्याने जाळीवरून हात फिरवला, टोकं चाचपली. मग बहिणीला म्हणाला, "तुझ्या माणसाला चहा दे."

शुइगनचं लक्ष चहाकडे नव्हतं. तो दोन्ही खोल्यांत डोकावून आला होता. दोन्हीकडे नवी रजई होती, घडीच्या रेषा अजून न मोडलेली. तोंडदेखल्या बोलावण्याला कुणी नवी रजई काढत नाही. तो चहा प्यायला बसला तो सरकारी पाहुण्यासारखा ताठ.

"झोपायचं असं," माओलिनने जाहीर केलं. "लहान खोलीत पुरुष. मोठ्या खोलीत बायका. बाबांना चालायचं तसं."

"दादा, तुझा तर या गोष्टींवर विश्वास नाही ना?" लिएनशिनने विचारलं. "गिरणीत भाषणं द्यायचास."

"माझा नाही. बाबांचा होता."

दुपारचं जेवण युफनने हलकंच ठेवलं, कारण संध्याकाळी खालच्या खाणावळीत सहा टेबलं मांडायची होती. जेवण झालं आणि त्या शहरात जे सगळीकडे होतं तेच झालं: घर झोपेला आलं. माओलिन खुर्चीतच मान टाकून बसला. शुइगन लहान खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला आणि लगेच घोरायला लागला. बायका भांडी विसळत होत्या. लिएनशिनला पाण्याने गारठा वाटला, म्हणून ती लहान खोलीत ठेवलेल्या पिशवीतून स्वेटर काढायला गेली.

आता यात कुणाची चूक म्हणायची? खाट हलली तसा शुइगन झोपेतच भिंतीकडे सरकला, रोज सरकतो तसा. जागा झाली. लिएनशिन स्वेटरचा एक हात घालून क्षणभर टेकली, पहाटेच्या बसचा शीण होता, आणि रोज जिथे पाठ टेकते तिथे तिने पाठ टेकली. भिंतीवरून तिचे आई-बाप बघत होते.

चार वाजता युफन उठवायला आली आणि तिने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचा माणूस चढून वर आला. त्याला तिने दारातूनच "उंदीर, उंदीर" म्हणून परत पाठवलं.

"आजच! आजच्या दिवशी! बाबांच्या डोळ्यांदेखत!" युफन जमिनीवर बसून रडायला लागली. "यांच्या ऐंशीला! वन्सं, तुम्ही तरी!"

"अहो वहिनी, नुसती पाठीला पाठ..." लिएनशिन एक हात घातलेल्या स्वेटरात उभी होती. "पाठीला पाठ लावून काय होतंय? त्यात हे घोरत होते!"

"नियमात घोरण्याची सूट नाही!"

शुइगन खाटेच्या कडेवर बसून आपल्या पायांकडे बघत होता. पन्नास वर्षांनी दार उघडलं आणि आपण अर्ध्या दिवसात घर बुडवलं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. माओलिन दारात काठी टेकून उभा राहिला. "माझा विश्वास नाही," तो म्हणाला. पण रंग उतरला होता, आणि बापाच्या फोटोकडे त्याने बघायचं टाळलं.

रडता रडता युफनलाच उपाय आठवला. नाक पुसून ती म्हणाली, "थांबा. आमच्या आजोळी असं झालं की जावयाकडून खोलीचं भाडं घ्यायचे. एक युआन दिला तरी पुरे. भाडं घेतलं की घराची धर्मशाळा होते. धर्मशाळा कुणाचं माहेर नसते. दोष गेला! द्या हो एक युआन, आणि तोंड धुऊन घ्या, लोक येतील."

लिएनशिनने लगेच पिशवीत हात घातला.

"नाही," शुइगन म्हणाला.

"काय नाही?"

"भाडं देणार नाही."

"अहो, एकच युआन मागताहेत त्या!"

"हॉटेलात शंभर देईन. इथे एकही नाही." तो उठला, पिशवी उचलली, दुसऱ्या हाताने बायकोचा लोंबणारा स्वेटराचा हात धरला. "चल. तुझी तळ्याची खोली आहे ना, तिकडे जाऊ. संध्याकाळी जेवायला येऊ, नमस्कार करू, परत जाऊ. आमच्यामुळे घराला काही नको."

बाहेरच्या खोलीतून जाताना माओलिनने पिशवीचा दुसरा बंद धरला. दोन म्हातारे, मधे पिशवी. एक ओढी, दुसरा ओढी. पिशवीतून, भेटीला आणलेल्या चहाच्या डब्याचा खडखडाट.

"सोडा, दादा."

"शेवटची बस गेली," माओलिन म्हणाला.

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजून पाच मिनिटं झालीत," शुइगन म्हणाला.

"गेली म्हटलं ना! आज लवकर गेली." माओलिनने बंद सोडला नाही. "एक युआन द्यायला तुला काय होतंय?"

पहिल्यांदाच त्याने थेट शुइगनला विचारलं होतं, बहिणीला मधे न घालता. म्हणून की काय, शुइगनला जीभ सापडली.

"भाडेकरूच व्हायचं होतं तर गावात दुसऱ्या खोल्या नाहीत का? चांगल्या आहेत. पोरीने वाचून दाखवल्यात. खिडकीतून तळं दिसतं, गरम पाणी आहे, दारावर फक्त टकटक करायची. मला त्यातलं काही नको होतं. पन्नास वर्षं वाट बघितली, की तुम्ही एकदा 'राहा' म्हणाल. म्हणालात, तर मी 'नको' म्हणायचीसुद्धा रीत विसरलो. आता पैसे देऊन झोपू? मग मी कोण झालो या घरात? गिऱ्हाईक!"

युफनने नाक ओढणंही थांबवलं, कारण ऐकायचं होतं.

"कुठे म्हणणार होतो राहा?" माओलिन शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "गिरणीच्या चाळीत एक खोली होती. चूल व्हरांड्यात. मी, ही, तीन पोरं, आणि हिची आई पडद्यामागे. तुला काय खिळ्याला टांगायचा होता? साडेचारची बस गेली असती तर तुला दिसलं असतं, की मुकादम टेबलावर झोपतो. बांबू सोलणारा म्हणून तुला नावं ठेवली होती मी. तुझ्या घरात चार खोल्या!"

"टेबलावर?" शुइगन म्हणाला.

"पाय बाहेर यायचे," युफन म्हणाली. "स्टूल लावायचो."

"मग ही दोन खोल्यांची जागा मिळून किती वर्षं झाली!" लिएनशिनने भावाला तोडलं. "तेव्हा का नाही बोलावलंस?"

माओलिनने पिशवीचा बंद सोडला. "तोवर न बोलवायची सवय झाली होती," तो म्हणाला.

मग तो लहान खोलीत गेला आणि बापाच्या फोटोसमोर उभा राहिला. गिरणीत पाळी बदलताना हुकूम द्यायचा तशा आवाजात त्याने सांगितलं, "बाबा, ऐका. हा जावई नाही. हा या घरचा धाकटा मुलगा. ही पोरगी याने करून आणली. सुनेने आणि मुलाने एका खाटेवर झोपायचं नाही, असा नियम नाही."

युफनने बोटांवर मोजून मोजून पाहिलं. मुलगा, सून, खाट. कुठेच अडेना. "बसतंय," ती पुटपुटली. "बसतंय हो!"

"आणि मी?" लिएनशिन ओरडली. "माझ्या बापाच्या घरात मी परकी झाले?"

"परकी कशी? सून आहेस. सासऱ्यांना चहा दे. नव्या सुनेने पहिल्या दिवशी चहा द्यायचा असतो."

"माझ्याच बापाला सासरेबुवा म्हणू?"

"सत्तरी उलटल्यावर एकदा म्हटलंस तर काही बिघडत नाही. आटप, लोक यायची वेळ झाली."

तेव्हा च्यू लिएनशिनने, जी जन्माने त्या घरची मुलगी होती, कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून आपल्याच आई-बापाच्या फोटोंना सून म्हणून चहा दिला, आणि हसू आवरेना म्हणून अर्धा चहा बशीत सांडला. मुलगा झालेला शुइगन तिच्या शेजारी बसला होता. तो हसत नव्हता. त्याने रीतीचे तिन्ही नमस्कार कपाळ अगदी जमिनीला टेकवून केले. युफनने पुढे येऊन नव्या जावेच्या हातात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट ठेवलं आणि म्हणाली, "थोरलीचं ऐकत जा."

"ऐकते, जाऊबाई," लिएनशिन म्हणाली. "आधी मला उठवा."

संध्याकाळी खाणावळीत ऐंशीच्या लांब शेवया आल्या, पीचच्या आकाराचे गुलाबी पाव आले. माओलिनने गिरणीच्या जुन्या मंडळींना शुइगनची ओळख करून दिली. "हा शुइगन, माझा धाकटा भाऊ."

"तुला भाऊ होता?" एकाने विचारलं. "एवढ्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"उशिरा आला," माओलिन म्हणाला आणि त्याचा पेला भरला.

शुइगन त्या जेवणात किती प्यायला ते त्यालाही सांगता आलं नसतं. लिएनशिनने मात्र एक पाव रुमालात बांधला आणि युफनच्या कानाला लागली. दोघी जरा वेळ कुजबुजल्या. मग दोघी उठल्या आणि त्यांनी कोट घातले.

"कुठे निघालात?" शुइगनने विचारलं.

"पोरीची खोली आहे ना रिकामी. तळ्याच्या काठावरची," लिएनशिन म्हणाली. "जाऊबाईंनी या शहरात एवढी वर्षं काढली, पण तळं खाटेवरून बघितलेलं नाही. आम्ही दोघी जातो."

"आणि खाट? एवढं सगळं केलं ते? चहा, सासरे?"

"खाट कुठे पळून जात नाही. आता ती तुमच्या घरची आहे." दारातून ती वळली. "दादा, ते घोरायचे थांबले की हलवायचं हं. सवय आहे."

"दारावर टकटक करा!" शुइगन मागून ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परत आल्या तेव्हा दोघींचीही झोप झालेली नव्हती. खिडकीजवळ बसून बोलतच राहिल्या होत्या. धुकं होतं आणि तळं काही दिसलं नव्हतं. घरात लहान खोलीत एका खाटेवर दोन म्हातारे विरुद्ध टोकांना डोकी करून झोपले होते, मधे बांबूची बायको आडवी. एक घोरत होता, दुसऱ्याने कानांत कापूस घातला होता.

त्यानंतर दोन्ही घरांत जाणं-येणं सुरू झालं. शरदात माओलिन आणि युफन डोंगरात येऊन पंधरा दिवस राहिली आणि चारही खोल्यांत झोपून पाहिल्या. पुढच्या वसंतात शुइगन आणि लिएनशिन पुन्हा हांगचौला गेली, तेव्हा कुठे उतरायचं यावर भांडण झालं नाही. भांडण झालं ते खाटेच्या कुठल्या बाजूला कुणी झोपायचं यावर. माओलिन फोनवर आता विचारायचा, "शुइगन कसा आहे?" आणि मग बहिणीला, "आणि सून?"

त्याच्या अंत्ययात्रेत शुइगन भावांच्या ओळीत उभा राहिला, भावाची पांढरी पट्टी कमरेला बांधून, आणि लिएनशिन त्याच्या मागे सुनांत. कुणी हरकत घेतली नाही. च्यू माओलिन वाघाच्या, म्हणजे बैलाच्या पुढच्याच वर्षी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आदल्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर वारला.